थान काकांची आगाऊ जमा

जिन्येचं लग्न झालं त्याच वर्षी मनोरा उभा राहिला, आणि पहिलं पोर अंगावरून सुटल्यावर ती तिथं हिशेबाला बसली ती बसलीच. तैनान शहराच्या दक्षिणेला, मासे पाळायच्या तळ्यांच्या मधोमध, ते पाच मजली अस्थिमंदिर. गावातली माणसं त्याला नुसतं मनोरा म्हणत. वरच्या मजल्यांवर अस्थींचे कप्पे, तळाशी मृतांच्या नावांच्या पाट्यांचं दालन, आणि जिन्याखाली हिशेबाची खोली. खोलीला एकच खिडकी होती. तिच्यातून तळी दिसत, आणि पाणी घुसळणाऱ्या चाकांची फडफड दिवसभर ऐकू येई.

थोरले खांग, म्हणजे ज्यांनी मनोरा बांधला ते, देवभोळे होते. पहिल्याच दिवशी त्यांनी तिला सांगितलं होतं, "पोरी, आपल्याकडं पैसे आधी येतात आणि काम मागाहून वर्षभर होत राहतं. म्हणून पैसे आले की ते कमावले असं लिहू नकोस. कमाई तेव्हाच, जेव्हा पूजा झाली."

जिन्येला हे समजायला वेळ लागला नाही. घर चालवणाऱ्या बाईला हे उपजत कळतं. शेजारणीनं सणाच्या लाडवांसाठी पैसे दिले तर ते डब्यात पडले तरी आपले नसतात. लाडू वळून तिच्या घरी पोचले की मग आपले. नव्या वर्षाच्या सुमारास घरोघरची माणसं येत, वर्षभराच्या पूजेचे पैसे भरत. दर महिन्याच्या प्रतिपदेला आणि पौर्णिमेला पाटीपुढं चहा, भात, उदबत्ती, आणि नाव घेऊन मंत्र. पैसे रोकडीत चढत, आणि समोरच्या बाजूला 'आगाऊ जमा' या नावाखाली देणं म्हणून उभे राहत. पूजा होतील तसतसा त्या देण्याचा एकेक तुकडा उत्पन्नात जाई. देणं मेलेल्यांचं होतं. ते भातात फेडायचं, चहात फेडायचं.

खर्चाचंही तसंच. डिसेंबर सरताना बाकीच्या बायका घराची जळमटं काढायला लागत तेव्हा जिन्ये वह्यांची काढायला बसे. इमारतीचा विमा वर्षाचा आगाऊ भरलेला, त्यातले किती महिने सरले? तेवढाच खर्च. उदबत्त्यांचे गठ्ठे किती जळले, किती कपाटात उरले? विजेचं बिल जानेवारीत येणार, पण दिवे डिसेंबरात जळले, म्हणून ते डिसेंबरच्याच माथी. पूजा सांगणाऱ्या भिक्षुणीची दक्षिणा पुढच्या महिन्यात द्यायची, पण मंत्र तर म्हणून झाले. तीही आत्ताच लिहायची. छप्पर एक वर्ष म्हातारं झालं, तेवढी त्याची किंमत उतरवायची. या वर्षअखेरीच्या समायोजनाच्या नोंदी. त्या करताना तिला फार समाधान वाटे. जो महिना ज्याचा, त्याच्या पदरात त्याचं त्याचं पडलं म्हणजे झालं.

थान काका दर वर्षी स्वतः पैसे भरायला येत. समुद्रापलीकडच्या शानतुंगचे म्हातारे शिपाई. तरुणपणी पलटणीबरोबर समुद्र ओलांडून आले ते परत गेलेच नाहीत. लग्न नाही, मूलबाळ नाही. शिपायांच्या वसाहतीत त्यांचे सोबती एकेक करून गेले, आणि प्रत्येकाची पाटी काकांनी मनोऱ्यात बसवली. आठ पाट्या एका ओळीत, डाव्या कोपऱ्यात. नववी जागा काकांनी स्वतःसाठी धरून ठेवली होती.

"भात नको हं त्यांना," ते दरवेळी बजावत. "भात खाऊन पोट भरत नाही आमचं. वाफेवरचे पाव द्या. माणशी दोन. आणि लसणाची पाकळी."

"काका, पूजेच्या ताटात लसूण चालत नाही."

"चालत नाही? मग मी मरायला दुसरीकडं जातो."

आणि मग स्वतःच खो खो हसत. हसता हसता खोकत. हातात कायम एक पत्र्याचा, कडेला टवके उडालेला मग असे. पैसे मोजून होईपर्यंत ते तो टेबलावर हलकेच ठोकत बसत. टक, टक.

शेवटच्या वर्षी ते आले तेव्हा त्यांनी पोस्टातलं सगळं काढून आणलं होतं. दोन लाख चाळीस हजार युआन.

"दहा वर्षांचे घे. नऊ जणांचे."

"नऊ?"

"मी आता किती दिवस येणार, पोरी? चढाव चढवत नाही."

"दहा वर्षांनी काय करायचं, काका?"

त्यांनी हातातला मग ठोकायचा थांबवला. "दहा वर्षांत त्या आठांना गावाकडची वाट सापडेल. नाही सापडली तर बघू."

जिन्येनं पावती दिली, पैसे आगाऊ जमेला चढवले आणि दहा वर्षांचे महिने करून प्रत्येक महिन्याला दोन हजार अशी वाटणी करून ठेवली. महिनाअखेर आली की दोन हजार देण्यातून काढायचे, उत्पन्नात टाकायचे. वसंतात काका गेले. नववी पाटी बसली.

त्या वर्षी सातवा महिना दोनदा आला.

सातव्या महिन्यात भुतांचं दार उघडतं हे तळ्याकाठच्या पोरासोरांनाही ठाऊक. महिनाभर कुणी लग्न करत नाही, घर बदलत नाही, संध्याकाळी पाण्यात उतरत नाही. महिना सरला की दार बंद. पण अधिक महिना आला तर? दार पुन्हा उघडतं की उघडंच राहतं? बाजारात याच्यावर भांडणं झाली. कोळंबीवाली म्हणे एकदाच उघडतं, भाजीवाली म्हणे तुझ्या सासूला विचार.

त्या अधिक महिन्यातच जिन्येच्या मागं ते लागलं.

पहिल्यांदा तिला वाटलं, खोलीत कुणीतरी आलं. भर दुपार, बाहेर ऊन रटरटतंय, आणि पाहुण्यांच्या बाकावर कुणीतरी बसल्यासारखं. ती उठून गेली. बाक रिकामा. पण गादीवर हात ठेवला तर ऊब होती, माणूस नुकताच उठून गेल्यावर असते तशी. दुसऱ्या दिवशी बाकाच्या एका टोकाला ऊब, तिसऱ्या दिवशी सगळ्या बाकाला. मग टेबलावर आवाज सुरू झाला. आकडे मांडताना मध्येच, टक, टक. ती मान वर करायची तेव्हा थांबायचा. ती बुद्धाचं नाव घेत आकडे मांडू लागली, आणि त्या महिन्यात तिच्या बेरजा दोनदा चुकल्या.

घरी तर वेगळीच तऱ्हा. एका संध्याकाळी तिनं जेवणाची तयारी केली आणि नवरा आ-शेंग टेबलाशी येऊन उभाच राहिला.

"कोण यायचंय?"

"कुठं कोण?"

"मग पलटण जेवायला बोलावलीस का?"

जिन्येनं पाहिलं. पोरं बाहेरगावी गेल्यापासून दोनच माणसं उरलेल्या घरात टेबलावर अकरा वाट्या मांडल्या होत्या. घरातल्या आहेत नाहीत तेवढ्या, फुटक्यासुद्धा. तिला मांडल्याचं आठवत नव्हतं.

"मेलेल्यांची कारकुनी करून करून तुझं डोकं फिरलंय," आ-शेंग म्हणाला. पण त्यानंही वाट्या उचलल्या नाहीत. दोघांनी कडेला बसून मुकाट्यानं चार घास गिळले.

ती देवळात जाऊन आली, ताईत बांधून घेतला, पाठ केले. थंडी पडली तरी काही उणं झालं नाही. आपलं काय चुकलं हे तिला कळत नव्हतं, आणि चुकलं नसतं तर ते आले नसते एवढं मात्र तिला पक्कं माहीत होतं.

कळलं ते डिसेंबरअखेर, जळमटं काढताना. उत्पन्नासमोर त्याच कामाचा खर्च ठेवून बघायची तिची रीत होती. कमाई लिहिली असेल तर तिच्यासाठी काहीतरी खर्ची पडलेलं असलंच पाहिजे. कोपऱ्यातल्या ओळीचे दोन हजार दर महिन्याला उत्पन्नात गेलेले. त्यांच्यासमोर पाववाल्याची बिलं, काका गेल्यापासून पूजेगणिक अठरा पाव. सगळं ठीक. मग अधिक महिना. उत्पन्न आहे, पाव नाहीत. ना प्रतिपदेला, ना पौर्णिमेला.

ती पाववाल्याला फोन करून आली, दालनातल्या माणसांना विचारून आली. एकानं मान खाली घालून सांगितलं, "धाकट्या मालकांनी सांगितलं होतं, बाई. ज्यांचे नातेवाईक बघायला येतात त्यांचं करा, म्हणाले. त्या ओळीनं बारा महिन्यांचे पैसे दिलेत, तेराव्याचे नाहीत. त्यांचा नावांचा कागद शिफूंना दिलाच नाही."

शिफू म्हणजे पूजा सांगणारी भिक्षुणी. ऐंशीला टेकलेली, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. हातात येईल तो कागद डोळ्यांजवळ धरून ती शेकडो नावं वाचत असे. नऊ कमी झाली तर तिला कसं कळावं?

जिन्ये खुर्चीत बसली. भुतांचं दार उघडं असलेल्या महिन्यात, सगळ्या दालनात ताटं मांडलेली, सगळ्यांची नावं घेतली जाताहेत, आणि ते नऊ जण ओळीत उभे आहेत, आपलं नाव येईल म्हणून. आणि ते येत नाही. मालकानं घास काढून घेतला खरा. पण जेवले असं लिहिलं कुणी? तिनंच. भिंतीवरच्या बँकेच्या कॅलेंडराकडं बघून, महिना संपला की दोन हजार. काम झालं का म्हणून एकदाही न विचारता. दहा वर्षांचे महिने धरताना तिनं अधिक महिने धरलेच नव्हते. चांद्र पंचांगानं जगणाऱ्या माणसांची वाटणी तिनं बँकेच्या पंचांगानं केली होती.

दुसऱ्याच दिवशी तिनं शिफूंना गाठलं. शिफू रागावल्या नाहीत. "राहिलेल्या दोन पूजा आत्ता करू," त्या म्हणाल्या. "उशिरा वाढलं म्हणून जेवण बाद होतं का? पोरं खेळून उशिरा घरी आली की तू काय करतेस?" पाव आले, नावं घेतली गेली. जिन्येनं ते अधिक महिन्याचं उत्पन्न तेव्हा कुठं खरं झालं असं मानलं. दहा वर्षांत अधिक महिने चार येतात ते मोजले, सगळी वाटणी पूजांच्या हिशेबानं पुन्हा केली, पूजेगणिक थोडे थोडे युआन कमी झाले, ते परत देण्यात टाकले. शिफूंची दक्षिणा खर्चाला लावली. बाकाची ऊब कमी झाली. टकटक मात्र थांबली नाही. काहीतरी अजून यायचं होतं.

ते धाकट्या खांगच्या रूपानं आलं. हा पोरगा जिन्येच्या डोळ्यांदेखत वाढलेला. लहानपणी तिच्या टेबलाखाली लपायचा. आता बापामागं मालक झाला होता आणि मनोऱ्याला नवा भाग जोडायचा म्हणून बँकेच्या पायऱ्या झिजवत होता.

"मावशी, यंदा नफा दिसला पाहिजे. नाहीतर बँक दारात उभं करणार नाही."

"जेवढा झालाय तेवढा दिसेल, मालक."

"ते आगाऊ जमेत शिपायांचे दोन लाखांच्या वर पडलेत ना? ते घे उत्पन्नात. सगळे."

"ते देणं आहे."

"कुणाचं? कोण येणार आहे मागायला?" तो हसला. "पाटी उठून येणार आहे?"

जिन्येनं बाकाकडं बघितलं नाही. "पूजा झाली की उत्पन्न. हे तुमच्या वडलांनीच शिकवलंय मला. नऊ वर्षांच्या पूजा व्हायच्यात."

धाकट्या खांगनं वही स्वतःकडं ओढून देण्याच्या आकड्यावर बोट फिरवलं. मग त्याच्या चेहऱ्यावर बाजारात स्वस्त माल सापडल्यासारखा भाव आला. "म्हणजे पूजा झाल्या की झालं? मग करून टाकू. सगळ्या. एका दिवसात! ट्रकभर पाव मागवतो, शिफूंना म्हणावं म्हणत बसा मंत्र सकाळपासून. नऊ वर्षांचं एकदम वाढू. काम झालं, कमाई झाली, तूही खूश, तेही खूश."

हिशेबाच्या भाषेत तो फारसा चुकत नव्हता.

"आज नऊ वर्षांचं वाढलं," जिन्ये म्हणाली, "तर उद्यापासून त्यांनी काय खायचं? त्यांनी प्रतिपदा-पौर्णिमेचे पैसे दिलेत. जी प्रतिपदा उजाडलीच नाही तिची पूजा आज कशी होईल?"

"ते तू ठरवणार की मी? की तेच ठरवतील?" खांग उठला. "चल, कौल लावू. त्यांनाच विचारू. तीनदा हो आला तर मग तुझं काही ऐकणार नाही. नाही आला तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही. माझ्या बापाची शपथ."

तिला नाही म्हणता येईना. मृतांना विचारायचं आणि त्यांनी सांगितलेलं ऐकायचं, हे ती आयुष्यभर मानत आली होती. भर दुपारी ते दालनात गेले. शिफू सावलीत माळ ओढत बसल्या होत्या. कोपऱ्यातल्या नऊ पाट्यांपुढं खांग गुडघ्यांवर बसला, उदबत्त्या लावल्या, आणि कौलाच्या लाकडी दोन चंद्रकोरी ओंजळीत धरून मोठ्यानं विचारलं, "काका लोकहो, सगळं जेवण एकदम वाढलं तर चालेल का?"

चंद्रकोरी फरशीवर पडल्या. एक पालथी, एक उताणी पडली की होकार. हो.

दुसऱ्यांदा. हो.

दालनात वारा नव्हता, तरी नऊ उदबत्त्यांचा धूर सरळ वर न जाता एका बाजूला झुकला होता, सगळा एकाच दिशेला. तिसऱ्यांदा चंद्रकोरी पडल्या, एक भिंतीपाशी गिरक्या घेत गेली आणि थांबली. हो.

"झालं!" खांगनं टाळी वाजवली. "ऐकलंस, मावशी? काय तक्रार आहे त्यांची?"

जिन्ये पाट्यांकडं बघत राहिली. आणि तिला थान काकांचं एक जुनं बोलणं आठवलं, पैसे मोजता मोजता सहज बोललेलं. त्यांना सतराव्या वर्षी बाजारातून उचलून पलटणीत घातलं होतं. "येतोस का विचारलं," ते म्हणाले होते. "मी हो म्हटलं. बोटीत चढतोस का? हो. थांबतोस का? हो. आम्हाला नाही म्हणायला कुणी शिकवलंच नाही, पोरी."

तिनं खाली वाकून दोन्ही चंद्रकोरी उचलल्या आणि तबकात ठेवल्या.

"ते हो म्हणणारच, मालक. त्यांना कुणीही, काहीही विचारलं असतं तरी ते हो म्हणाले असते. म्हणून तर त्यांच्या वतीनं नाही म्हणायला कुणीतरी लागतं."

"शपथ मोडतेस?"

"शपथ तुम्ही घेतली होती. मी नाही." "ताळेबंदावर माझा शिक्का लागतो. झालेल्या पूजांचं उत्पन्न आणि न झालेल्यांचं देणं, एवढ्यावरच मी तो मारेन. दुसरा कागद केलात तर त्याच्यावर मारणार नाही."

खांगचा चेहरा लाल झाला. "मग नव्या वर्षानंतर येऊ नकोस!"

"बरं," जिन्ये म्हणाली.

शिफूंनी माळ थांबवली नाही. फक्त त्यांचं पुटपुटणं जरा मोठं झालं.

तिनं ताळेबंद पुरा केला आणि लाल शाईत शिक्का मारून टेबलावर ठेवला. दुसरा कागद करायला खांगला बाहेरचा माणूस मिळाला नाही, आणि मनातून तोही घाबरला होता असं दालनातली माणसं म्हणत. बँकेनं नकार दिला. नवा भाग झाला नाही. जिन्येच्या जागी शहरातून एक नवी मुलगी आली. तिच्यापुढं वर्षाची सुरुवातच त्या देण्यानं झाली. समोर लिहिलेलं असताना ते फेडल्यावाचून तिलाही गत्यंतर नव्हतं. पाववाल्याला निरोप गेला.

नव्या वर्षाच्या पहिल्या पौर्णिमेला जिन्ये साधी भाविक म्हणून दालनात गेली. लोकांच्या गर्दीत मागं उभी राहिली. अठरा पाव वाफाळत होते. शिफूंनी कागद डोळ्यांशी नेला आणि नऊ नावं एकेक करून घेतली. सगळ्यांत शेवटी थान काकांचं.

कुठं काही ठोकल्याचा आवाज आला नाही. जिन्येला वाटलं होतं की आता तिला हायसं वाटेल. पण नाव घेऊन झाल्याबरोबर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आजची पूजा झाली. म्हणजे आज नवी मुलगी देण्यातून एक तुकडा काढून उत्पन्नात टाकील. बरोबरच टाकील. असाच एकेक तुकडा, प्रतिपदेला एक, पौर्णिमेला एक, आणि एक दिवस त्या नावासमोर काहीच उरणार नाही. हिशेब अचूक ठेवायचा म्हणजे त्यांचं जेवण मोजून मोजून संपवायचं, हे इतकी वर्षं तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

पूजा आटोपली. माणसं पांगली. शिफू काठी टेकत आल्या आणि ताटातला एक पाव उचलून त्यांनी तिच्या हातात ठेवला.

"रडतेस कशाला? जेवले ना ते?"

"जेवले, शिफू. एक तुकडा कमी झाला."

शिफूंनी तिच्या हातातल्या पावाला बोट लावून पाहिलं. "खा," त्या म्हणाल्या, "गार होईल." जिन्येनं पाव मोडला. दोघी दाराशी आल्या, आणि उंबऱ्यापाशी शिफू एकाएकी थांबल्या. मोतीबिंदूचे ते पांढरे डोळे समोरच लावून त्या एका बाजूला सरकल्या, भिंतीला चिकटून, मागून येणाऱ्यांना जायला जागा करून देतात तशा. जिन्येही सरकली. दालन रिकामं होतं. दोघी तशाच उभ्या राहिल्या, सगळे जाईपर्यंत.